बोलीच्या चढाओढीत पानांची किंमत कशी ठरते

ब्रिज हा चौघांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ; कोणता रंग हुकूम धरून किती फेऱ्या जिंकू, हे खेळाआधी बोली लावून सांगायचे असते. तो शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला एक मोजणी शिकवली जाते: एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण. पत्त्यांच्या पूर्ण जोडात असे ४० गुण असतात, म्हणजे एका खेळाडूच्या वाट्याला सरासरी १० येतात. दोघा भिडूंचे मिळून २५-२६ झाले की गेम (मोठे बक्षीस मिळवून देणारी वरची बोली) बोलावा, असा सर्वसाधारण आडाखा आहे. मिल्टन वर्क या अमेरिकन तज्ज्ञाने १९२०च्या दशकात ही मोजणी पुढे आणली आणि पुढे चार्ल्स गोरेन यांनी तिला लहान (कमी पानांच्या) रंगांच्या गुणांची जोड देऊन ती घरोघरी पोहोचवली. मोजणी सोपी आहे, लक्षात राहते आणि साधारण सारख्या वाटणीच्या पानांना, विशेषतः नो ट्रम्पच्या (हुकमाविना) खेळात, ती चांगली लागू पडते. मात्र तिच्या मागे एक न बोललेले गृहीतक आहे: विरोधक गप्प बसतील आणि आपण दोघे निवांतपणे एकमेकांना पाने सांगू.

प्रत्यक्षात असे फार थोड्या डावांत घडते. एकाने बदाम बोलायचे, दुसऱ्याने इस्पिक, तिसऱ्याने बदाम उचलून धरायचे, चौथ्याने इस्पिक आणखी वर न्यायचे, अशी चढाओढ सुरू झाली की ‘माझ्याकडे किती गुण आहेत’ हा प्रश्न अपुरा पडतो. त्याच्या जागी दोन वेगळे प्रश्न येतात. आपल्या हुकमावर खेळलो तर ही पाने किती हात मिळवून देतील? आणि त्यांच्या हुकमावर बचाव केला तर किती? या दोन आकड्यांमधला फरक हाच चढाओढीतला खरा मापदंड आहे, आणि तो प्रत्येक बोलीनंतर बदलत राहतो. (घोटाळा टाळण्यासाठी: ‘हात’ हा शब्द मी येथे केवळ जिंकलेल्या फेरीसाठी वापरतो; वाटून आलेल्या तेरा पत्त्यांना ‘पाने’ म्हणतो.)

हा फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवू. पहिल्या खेळाडूकडे इस्पिक राजा-राणी-गुलाम-१०-७-३, बदाम ८-४, चौकट ९-६-२ आणि किलवर ५-३ अशी पाने आहेत. दुसऱ्याकडे इस्पिक ९-८-७-५-३-२, बदाम राजा-४, चौकट राणी-६-२ आणि किलवर गुलाम-३. दोघांचेही गुण ६, दोघांचीही वाटणी तीच. परंतु इस्पिक हुकूम झाले तर पहिला खेळाडू भिडूच्या मदतीवाचूनही बहुधा पाच हात करील, कारण एक्का गेला की मागची पाने आपोआप वरची होतात. विरोधकांच्या हुकमावर मात्र त्याच पानांतून एखादाच हात निघेल; इस्पिकाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीला कोणीतरी हुकूम मारणारच. दुसऱ्याची गोष्ट उलटी आहे. त्याचा हुकमाचा रंग पोकळ आहे, पण बदामाचा राजा आणि चौकटची राणी बचावात एखाददुसरा हात मिळवून देण्याची शक्यता बरीच आहे. पहिल्याने इस्पिकाची दुसऱ्या पातळीची (म्हणजे सहा अधिक दोन, आठ हात करण्याची) कमजोर बोली बिनधास्त करावी, दुसऱ्याने पास करावा. गुणांचा तक्ता या दोघांत काहीच भेद करत नाही.

यातून निघणारा नियम असा की चित्रे लांब रंगात एकत्र असतील तर ती आक्रमणाची, आणि लहान रंगांत विखुरलेली असतील तर ती बचावाची. एक्का हे पान दोन्हीकडे चालते, म्हणून ४ गुण त्याला थोडे कमीच पडतात. राणी आणि गुलाम यांना मात्र सोबत लागते. एकटा पडलेला गुलाम किंवा दोनच पानांतली राणी यांचे गुण मोजताना हात आखडता घ्यावा. आपल्याच लांब रंगातल्या १० आणि ९ या पानांना तक्त्यात शून्य गुण आहेत, तरी राजा-गुलाम-१०-९ आणि राजा-गुलाम-३-२ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे खेळताना लगेच कळते.

आता बोली ऐकण्याकडे वळू, कारण पानांची किंमत सर्वांत जास्त हलते ती येथे. पत्ते घड्याळाच्या दिशेने खेळले जातात, त्यामुळे तुमच्या उजवीकडचा खेळाडू तुमच्या आधी पान टाकतो आणि डावीकडचा तुमच्या नंतर. उजवीकडच्याने बदाम बोलले आणि तुमच्याकडे बदामाचे राजा-गुलाम-४ असतील, तर एक्का आणि राणी बहुधा त्याच्याकडेच आहेत आणि तुम्ही त्याच्या मागे बसून त्याचे पान पाहून खेळणार आहात. राजा जवळपास एक्क्याच्या तोडीचा झाला. तीच बोली डावीकडून आली तर तुमचा राजा त्याच्या एक्का-राणीच्या तोंडी सापडला आहे आणि त्याचे ३ गुण बहुतेक वेळा कागदावरच राहतील. पाने तीच, गुण तेच, पण खुर्ची बदलली की एका हाताचा, क्वचित दोन हातांचा फरक पडतो. अनुभवी खेळाडू विरोधकाची पहिली बोली ऐकताच मनातल्या मनात गुणांची बेरीज पुन्हा करतो ती यासाठीच.

विरोधकांच्या रंगात आपल्याकडे किती पाने आहेत, हाही तितकाच महत्त्वाचा भाग. एकच पान असणे उत्तम, कारण दुसऱ्या फेरीपासून आपण हुकूम मारू शकतो. दोन किंवा तीन बारीक पाने असणे हे साधारणपणे वाईट, कारण भिडूकडेही दोनतीन पाने असली तर त्या रंगात दोन हात सरळ जातात. पण येथे एक गमतीचा अपवाद आहे. विरोधकांपैकी एकाने बदाम बोलले आणि दुसऱ्याने जोरात उचलून धरले, त्यावरून त्यांच्याकडे मिळून नऊ बदाम असावेत असे दिसते. तुमच्याकडे तीन बारीक बदाम आहेत. तर भिडूकडे राहिले एकच. जी तीन पाने मघाशी डोळ्यांत खुपत होती, त्यांनीच आता सांगितले की भिडू दुसऱ्या फेरीला हुकूम मारील आणि आपली चित्रे त्या रंगात वाया गेलेली नाहीत. चार बारीक पाने असतील तर भिडूकडे एकही नसण्याची शक्यता आहे. नवखा खेळाडू अशा वेळी घाबरून पास करतो. माझ्या मते विरोधकांनी रंग उचलून धरणे ही चढाओढीतली सर्वांत उपयोगी बातमी असते, आणि तीच सर्वांत जास्त वेळा दुर्लक्षित राहते.

भिडूच्या रंगात आपली पाने जुळली की मोजणी आणखी एकदा बदलते. समजा, भिडूने एक इस्पिक अशी सुरुवात केली, म्हणजे त्याच्याकडे पाच इस्पिक आहेत, आणि उजवीकडच्याने दोन बदाम बोलले. तुमच्याकडे इस्पिक राणी-८-५-३, बदाम ४, चौकट एक्का-९-७-६-२ आणि किलवर ८-७-४ आहेत: गुण फक्त ६. आता याऐवजी इस्पिक राणी-८-५, बदाम राणी-गुलाम-४, चौकट राजा-७-६-२ आणि किलवर गुलाम-८-४ अशी पाने धरा: गुण ९. तक्ता म्हणतो दुसरी पाने दीडपट भारी. इस्पिकाच्या खेळात मात्र पहिली पाने सरस आहेत, कारण चौथा हुकूम, बदामाचे एकटे पान आणि एक्का या तिन्ही गोष्टी कामी येतात, तर दुसऱ्या पानांतले बदामाचे राणी-गुलाम हे मुख्यतः त्यांच्या हुकमाविरुद्ध उपयोगी पडणारे आहेत.

हे आकड्यांत मांडण्यासाठी हुकमाची जुळणी झाल्यावर जाणारे हात मोजण्याची पद्धत वापरतात. प्रत्येक रंगात पहिल्या तीन पानांपुरता विचार करायचा आणि एक्का, राजा, राणी यांपैकी जे नसेल तो एक जाणारा हात धरायचा. रंगात दोनच पाने असतील तर एक्का-राजाच पाहायचे, एकच असेल तर फक्त एक्का. पहिल्या पानांत इस्पिकात दोन, बदामात एक, चौकटमध्ये दोन आणि किलवरमध्ये तीन असे आठ जाणारे हात निघतात; दुसऱ्या पानांत दोन, दोन, दोन आणि तीन असे नऊ. सुरुवात करणाऱ्या साधारण ताकदीच्या पानांत सात धरतात. दोघांची बेरीज २४ मधून वजा केली की अपेक्षित हात मिळतात: पहिल्या पानांवर २४ वजा १५, म्हणजे नऊ, दुसऱ्यांवर आठ. त्यामुळे ६ गुणांवर थेट तीन इस्पिक आणि ९ गुणांवर दोन इस्पिक हे उत्तर वरवर उफराटे वाटले तरी हिशेबाला धरून आहे. आजच्या प्रचलित पद्धतीत अशी थेट उडी ही कमजोर पण जुळणारी पाने दाखवते. खरोखर ताकद असेल तर विरोधकाचाच रंग बोलून, येथे तीन बदाम म्हणून, ते कळवले जाते. ही मोजणी राणीला थोडे जास्त मोल देते आणि जुळणी नसताना ती वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

पुढचा प्रश्न किती वर जायचे हा. त्याला सर्वांत गाजलेले उत्तर फ्रान्सच्या जाँ-रने व्हेर्न यांनी १९६०च्या दशकात मांडले आणि १९९०च्या दशकात अमेरिकेच्या लॅरी कोहेन यांनी ते जगभर लोकप्रिय केले. हा एकूण हातांचा नियम. आपल्या सर्वोत्तम रंगातली आपली पाने आणि त्यांच्या सर्वोत्तम रंगातली त्यांची पाने यांची बेरीज करा. आपण आपल्या हुकमावर खेळलो तर मिळणारे हात आणि ते त्यांच्या हुकमावर खेळले तर मिळणारे हात यांची बेरीज साधारण तेवढीच येते.

हे ऐकायला जादूसारखे वाटते, पण त्यामागे साधे कारण आहे. समजा, किलवरचा राजा आपल्याकडे आहे आणि एक्का त्यांच्यापैकी एकाकडे. एक्का राजाच्या आधी खेळणाऱ्याकडे असला तर राजाचा हात आपल्याला मिळतो, आपण खेळत असू तरी आणि बचावात असू तरी. एक्का दुसऱ्याकडे असला तर तो हात दोन्ही वेळा त्यांचा. म्हणजे आपला एक वाढला की त्यांचा एक घटतो आणि बेरीज जागची हलत नाही. नशिबाचा भाग असा बाहेर पडला की उरतो तो हुकमांच्या लांबीचा परिणाम: एका रंगात पाने जास्त, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी रंगात कमी, आणि कमी पाने म्हणजे हुकूम मारण्याची संधी.

याचा उपयोग पाहू. आपल्याकडे नऊ इस्पिक, त्यांच्याकडे आठ बदाम, बेरीज १७. त्यांनी तीन बदाम बोलले आहेत. ते नऊ हात करणार असतील तर आपले आठ होतील: पास केला तर (डावाच्या हिशेबाचे) १४० गुण जातात, तीन इस्पिक बोललो तर एक हात कमी पडून ५० जातात, व्हल्नरेबल (दंड आणि बक्षीस दोन्ही मोठे असलेल्या स्थितीत) असलो तर १००. ते आठच करणार असतील तर आपले नऊ होतील: पास केल्यास एका हाताचे ५० किंवा १००, बोलल्यास १४०. दोन्ही बाजूंनी बोलणेच फायद्याचे. आता आपल्याकडे आठच इस्पिक आहेत, बेरीज १६, असे धरा. दोघेही आठ हात करणार असतील तर पास केल्याने ५० येणार होते आणि बोलल्याने ५० गेले. ते नऊ आणि आपण सात असलो तर १४० वाचवायला १०० मोजले, तेही व्हल्नरेबल नसलो आणि कोणी डबल (बोली फसेल असे म्हणून दंड वाढवणारी घोषणा) दिले नाही तरच. एकाच पानाने निर्णय उलटला. आठ हुकमांवर दुसऱ्या पातळीपर्यंत, नऊवर तिसऱ्या आणि दहावर चौथ्या पातळीपर्यंत जावे, हा सर्वांच्या तोंडी असलेला आडाखा याच हिशेबाचे संक्षिप्त रूप आहे.

नियम हा शब्द येथे थोडा अतिशयोक्तच म्हणावा लागेल. कित्येक डावांत एका हाताचा फरक पडतो. अमेरिकेचे माइक लॉरेन्स आणि स्वीडनचे अँडर्स विर्गरेन यांनी २००४ मध्ये यावर सविस्तर टीका केली आणि हुकमांच्या संख्येपेक्षा लहान रंग आणि खरोखर कामाला येणारे गुण यांकडे पाहावे असे सुचवले. दोन्ही बाजू वाचल्यावर मला असे वाटते की टेबलावर बसून वापरायला व्हेर्न यांची बेरीज सोयीची आहे, पण ती दुरुस्त केल्याशिवाय वापरू नये. आपली सगळी चित्रे आपल्याच रंगांत असतील, किंवा हुकमाखेरीज आणखी एका रंगात दोघांची पाने चांगली जुळत असतील, तर एक हात वाढवावा. विरोधकांच्या रंगात राणी-गुलाम अडकून पडले असतील, पाने सगळीकडे तीन-तीन-चार अशी सपाट पसरली असतील, तर एक हात कमी करावा. मघाच्या ९ गुणांच्या पानांत हे दोन्ही दोष होते.

व्हल्नरेबल असणे-नसणे पानांची ताकद बदलत नाही, पण चुकीची किंमत बदलते. डबल झाल्यावर व्हल्नरेबल नसताना पहिले तीन हात कमी पडले तर १००, ३०० आणि ५०० जातात. व्हल्नरेबल असताना २००, ५०० आणि ८००. विरोधकांचा चार बदामांचा गेम त्यांना ४२० किंवा ६२० देतो. ते व्हल्नरेबल आणि आपण नाही, तर चार इस्पिकांवर तीन हात कमी पडूनही आपण फायद्यात राहतो. परिस्थिती उलटी असेल तर दुसराच कमी पडलेला हात ५०० घेऊन जातो आणि वाचवायचे होते फक्त ४२०. जोड्यांच्या स्पर्धेत (तेथे तेच पत्ते अनेक टेबलांवर खेळून तुलना होते) आणखी एक जागा सांभाळावी लागते: २०० गमावणे. पार्ट-स्कोअरच्या (गेमपेक्षा खालच्या बोलीच्या) डावात दुसऱ्या टेबलांवर ११० किंवा १४० जात असताना २०० गमावणाऱ्याला तळाचा क्रमांक जवळपास निश्चित मिळतो.

बोलीतून विरोधकांचे गुण मोजता येतात, आणि वजाबाकीने भिडूचे. उजवीकडच्याने एक बदाम, तुम्ही पास, डावीकडच्याने दोन बदाम, मग दोन पास आणि पाळी पुन्हा तुमच्यावर आली. त्यांनी गेमकडे पाहिलेही नाही, म्हणजे दोघांचे मिळून २० च्या आसपास असावेत. तुमच्याकडे ९ असतील तर भिडूकडे ११ च्या जवळपास आहेत. तुमच्याकडे ६ असतील तर १४ देखील असू शकतात. तो गप्प का राहिला? बहुधा त्याच्याकडे बदाम लांब होते आणि बोलायला सोयीचा रंग नव्हता. शिवाय त्यांच्याकडे नऊ बदाम असतील तर आपल्या दोघांच्या २६ पानांत बदाम चारच आहेत. उरलेली २२ पाने तीन रंगांत वाटायची म्हटल्यावर एका तरी रंगात आठ असलीच पाहिजेत. त्यांच्याकडे आठ बदाम असले तरी तिन्ही रंगांत नेमकी सात-सात-सात वाटणी पडली तरच आपल्याला आठांचा रंग मिळणार नाही. म्हणून अशा जागी हलक्या पानांवरही बोली जिवंत ठेवावी. भिडूने मात्र त्यानंतर संयम राखला पाहिजे, कारण त्याचे गुण तुम्ही आधीच हिशेबात धरून बोललेला असता आणि तेच गुण त्याने पुन्हा बोलले तर एकच पैसा दोनदा खर्च होतो.

डबल देण्याचा प्रश्न पार्ट-स्कोअरला आणि वरच्या पातळीला वेगवेगळा आहे. व्हल्नरेबल नसलेल्या विरोधकांना तीन बदामांवर डबल दिले आणि एक हात कमी पडला तर ५० ऐवजी १०० मिळतात. पण ते नऊ हात करून गेले तर १४० ऐवजी ५३० जातात. संघांच्या सामन्यात हा सौदा सहसा परवडत नाही. पाचव्या पातळीवर चित्र पालटते, कारण तेथे विरोधक बहुतेक वेळा स्वतःहून ताणून आलेले असतात आणि आपण डबल न देता सोडले तर आपला गेमही जातो आणि भरपाईही मिळत नाही.

उजवीकडच्याने एक बदाम म्हटले, तुम्ही एक इस्पिक, डावीकडच्याने तीन बदाम, भिडूने चार इस्पिक, उजवीकडच्याने पाच बदाम. तुमच्याकडे इस्पिक एक्का-गुलाम-८-६-४, बदाम राणी-१०-३, चौकट एक्का-गुलाम आणि किलवर राणी-७-४ असतील तर १४ गुण आहेत, पण बदामाची राणी-१० बोलणाऱ्याच्या मागे बसली आहेत, दोन एक्के बचावात तितकेच चालतात आणि किलवरची राणी आपल्या खेळात कुठे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. येथे डबल द्यावे. त्याऐवजी इस्पिक एक्का-राणी-९-७-६-४, बदाम ५, चौकट राजा-राणी-१०-८-३ आणि किलवर ७ असतील तर गुण ११ च आहेत, सगळे दोन लांब रंगांत आहेत, आणि बचावात इस्पिकाची पहिलीच फेरी त्यांनी हुकमाने मारली तर हाती फारसे काही उरत नाही. येथे पाच इस्पिक बोलावे, आणि विरोधकांनी त्यावर सहा बदाम म्हटले तर पुढचा निर्णय भिडूवर सोडावा, कारण आपली पाने सांगून झालेली आहेत आणि बचावाचे हात असलेच तर ते त्याच्याकडे आहेत.